उसनी थोरवी

गेल्या पंधरवड्यांत आमच्या नातवाच्या शाळेंत वक्तृत्वस्पर्धा होती. विषय होता 'उपनिषदांचें महत्त्व'. चिरंजीवांनीं भाषण पाठ करून मला म्हणून दाखविलें. आरंभींच, जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहौर यानें उपनिषदांची थोरवी गाइली आहे, असें वाक्य होतें. मीं विचारलें, "बाळ, त्याला त्यांत काय आवडलें?" तो गप्प राहिला. शेजारीं बसलेली त्याची थोरली बहीण मात्र म्हणाली, "आजोबा, तुम्हीं तरी शोपेनहौर केव्हां वाचलात?" प्रश्न वर्मीं लागला. तीस वर्षें हेंच वाक्य मीं मुलांना सांगत आलों. त्याचा ग्रंथ मात्र निवृत्तीनंतरच, तोही भाषांतररूपानें, उघडला.

त्या स्तुतीमागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. शहाजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह यानें काशीच्या पंडितांच्या साह्यानें १६५७ सालीं पन्नास उपनिषदें फारशींत उतरविलीं. दोनच वर्षांनीं औरंगजेबानें त्याचा वध करविला. पोथी मात्र जगली. आंकेतील दुपेराँ नांवाच्या फ्रेंच पंडिताच्या हातीं ती १७७५ मध्यें आली. त्यानें केलेलें लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें दोन खंडांत निघालें, आणि १८१४ मध्यें सव्वीस वर्षांच्या शोपेनहौरनें तें वायमारच्या ग्रंथालयांतून वाचावयास नेलें. संस्कृताची फारशी, फारशीचें लॅटिन, अशा दोन गाळण्यांतून आलेल्या त्या शब्दांवर त्यानें जन्मभर प्रेम केलें. पाळलेल्या कुत्र्याचें नांवही त्यानें आत्मा असें ठेविलें होतें!

तथापि त्याचें मत आपल्या ऋषींशीं कितपत जुळतें? दृश्य जग ही केवळ प्रतीति, हें त्याला मान्य. दुसऱ्याच्या दुःखानें आपण कां कळवळतों, याचें उत्तरही त्याला श्वेतकेतूस केलेल्या उपदेशांत सांपडलें. परंतु त्या पडद्याआड त्याला दिसली ती आंधळी, कधींही तृप्त न होणारी इच्छाशक्ति. म्हणून जगणें म्हणजे दुःख, आणि त्या इच्छेचा निरास हीच सुटका. तैत्तिरीयांतील भृगु मात्र अन्न, प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत अखेर आनंदापाशीं पोहोंचतो. एकाच दारांतून आंत डोकावून एकाला काळोख व दुसऱ्याला प्रकाश दिसावा, हा भेद लहान नव्हे. आणि नुसत्या प्रशस्तीनें तो कळतही नाहीं.

शोपेनहौरचा अनुयायी पॉल डॉयसन यानें मात्र स्वतः संस्कृत शिकून १८९७ मध्यें साठ उपनिषदें मुळावरून जर्मनींत आणलीं. त्यापूर्वीं, फेब्रुवारी १८९३ मध्यें, मुंबईंत त्यानें वेदान्तावर व्याख्यानही दिलें होतें. गुरूला जें उसनें घ्यावें लागलें, तें शिष्यानें कष्टानें मिळविलें.

परकीयांनीं केलेल्या स्तुतीनें ऊर भरून येणें स्वाभाविक आहे. पण आपल्या विहिरीचें पाणी गोड आहे असें शेजाऱ्यानें म्हटल्यानें आपली तहान भागत नाहीं. पोहरा आपणच सोडावा लागतो.

असो. नातवानें तें वाक्य तसेंच ठेविलें, पण त्यापुढें भृगूची कथा घातली. बक्षीस मिळालें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीनंतर दोघें भावंडें माझी जुनी पोथी घेऊन बसलीं आणि विचारूं लागलीं, "आजोबा, येथें विज्ञान म्हणजे नेमकें काय?" उत्तर देण्यापूर्वीं मला भाष्य पुन्हा उघडावें लागलें.