पंख्याचा आणि चंद्रपूरच्या धुराचा संबंध

वीजबचतीचा विषय काढला की जाणकार मंडळी गालातल्या गालात हसतात. प्रदूषण वाहनांचं, बांधकामांच्या धुळीचं, पेटवलेल्या कचऱ्याचं. त्यात घरातला पंखा कुठून आला? पुण्याच्या चौकात उभं राहून हा सवाल पटतो. चंद्रपुरात पटत नाही. तिथलं 2,920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र वीज राज्यभर पाठवतं आणि राख गावाशेजारी साठवतं. धूरही गावापुरता राहत नाही: त्यातल्या सल्फर डायऑक्साइडचे हवेत सूक्ष्म कण बनतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात.

हिशेब करून पाहू. छताचा साधा पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा 30च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर फरक 162 युनिटांचा पडतो. कोळशाच्या विजेला युनिटमागे सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला शंभरेक किलो कोळसा, आणि आपल्या कोळशातली राख पाहता पस्तीस-चाळीस किलो राख. सगळी वीज कोळशाची नसते, सौरऊर्जा वाढते आहे, हा आक्षेप मान्य. पण पंखा रात्रभर फिरतो, आणि रात्री सौर पॅनेल झोपलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोकांना पंखे बदलायला सांगता, मग धुरांड्यांना गंधक शोषणारी यंत्रणा का बसवत नाही? बसवलीच पाहिजे. केंद्र सरकारने डिसेंबर 2015मध्ये मानकं ठरवली, दोन वर्षांची मुदत दिली, मग ती वाढवत नेली आणि जुलै 2025मध्ये देशातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त संचांना गंधकाच्या मर्यादेतून सूटच देऊन टाकली. हा निर्णय लाजिरवाणा आहे. तरीही ही यंत्रणा आली म्हणून राखेचे बंधारे, खाणींची धूळ, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक जात नाहीत. ते कमी करायचे तर कोळसाच कमी जाळावा लागतो.

तिसरे पंडित एकोणिसाव्या शतकातल्या जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाला पुढे करतात. इंजिनं सुधारली की कोळशाचा वापर उलट वाढतो, असं त्याने 1865मध्ये ब्रिटनबद्दल लिहिलं. कारखान्यांना आणि काही अंशी एसीलाही ते लागू पडेल. पण पंख्याचं बिल निम्म्याने उतरलं म्हणून कुणी डोक्यावर दुसरा पंखा टांगत नाही. एकूण मागणी वाढतेच आहे, हे खरं. म्हणून तर बचत हवी. कोराडीच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायला नागपूरकरांनी विरोध केला, तो रास्तच होता. पण रात्रीची मागणी कशी खाली आणायची, याचं उत्तर विरोधकांकडेही असायला हवं.

उरतो पैशांचा प्रश्न, आणि खरी अडचण तिथेच आहे. चांगला पंखा हजार-दीड हजाराने महाग पडतो. वाचलेल्या युनिटांतून ते पैसे साधारण वर्षभरात सुटतात, पण भाड्याच्या खोलीत पंखा लावतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालक स्वस्तातलाच घेणार! इथे नुसत्या प्रबोधनाच्या जाहिरातींचा उपयोग शून्य. बल्बच्या बाबतीत काय झालं ते आठवा. 2015मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत घाऊक निविदा काढून एलईडीची खरेदी किंमत तीनशेच्या वरून दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आणली गेली. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले, ते कुणाच्या पर्यावरणप्रेमामुळे नव्हे.

राज्य सरकारने पंख्यांसाठी तशीच घाऊक खरेदी करावी आणि ग्राहकाकडून पैसे वीजबिलातून हप्त्याने घ्यावेत. सुरुवात चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या परिसरातल्या घरांपासून व्हावी, कारण राख आधी त्यांच्या नाकात जाते. आणि सरकारला द्यायच्या या मागण्यांच्या निवेदनात गंधकाची सूट रद्द करण्याची मागणी पहिल्या क्रमांकावर असावी.