सोनिपतचे न सोडलेले डास

१९७५ च्या आरंभी हरियाणातील सोनिपत शहरात वंध्य केलेले एडिस इजिप्ती जातीचे नर डास मोकळे सोडण्याची तयारी झाली होती. ते सोडले गेलेच नाहीत. ऐन वेळी प्रयोग थांबवण्यात आला आणि त्याच वर्षी, ज्या दिल्लीस्थित प्रकल्पाचा तो भाग होता, तो प्रकल्पही गुंडाळला गेला. २०२३ साली देशात डेंग्यूच्या अडीच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. डेंग्यू पसरवणारा डास हाच एडिस इजिप्ती. म्हणून त्या फसलेल्या प्रयोगाची उजळणी आज आवश्यक आहे, असे मला वाटते.

मूळ कल्पना साधी आहे. नर डास चावत नाही आणि मादी बहुधा एकाच नराशी समागम करते. किरणोत्साराने वा रसायनाने वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडले, तर त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत आणि पिढीगणिक संख्या घटत जाते. विषारी फवारणी लागत नाही, इतर कीटकांना धक्का बसत नाही. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांच्या या विचाराची कसोटी १९५४ मध्ये कुरासाओ बेटावर लागली. जनावरांच्या जखमांत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी तेथून काही महिन्यांत नाहीशी झाली. जपानने दोन दशके चिकाटी दाखवून १९९३ पर्यंत ओकिनावा बेटांवरील फळमाशीचे असेच उच्चाटन केले.

भारतातील प्रकल्प जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा होता. पैसा अमेरिकेचा होता. पीएल-४८० करारान्वये आलेल्या धान्याच्या मोबदल्यात येथे साठलेल्या रुपयांतला. दिल्लीभोवतालच्या खेड्यांत हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासांवर प्रयोग झाले. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून प्रश्न उपस्थित झाले. देशापुढे संकट हिवतापाचे असताना भर क्युलेक्स आणि एडिसवर का? पीतज्वर भारतात नाही. मग तो वाहून नेऊ शकणाऱ्या एडिसचा इतका बारकाईने अभ्यास कोणासाठी? वंध्यीकरणासाठी वापरलेले थायोटेपा हे रसायन लोकवस्तीत सुरक्षित आहे काय? संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात या माहितीचा जैविक युद्धासाठी उपयोग होऊ शकतो, अशी भीती व्यक्त केली. प्रकल्प त्यानंतर सावरला नाही.

शस्त्रनिर्मितीचा पुरावा पुढे आला, असे म्हणता येणार नाही. तरीही त्या शंकांना खुळचट ठरवणे मला मान्य नाही. शीतयुद्धाचा तो काळ होता, बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकी आरमार बंगालच्या उपसागरात आल्याची आठवण ताजी होती. पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगाबद्दल खेड्यातल्या माणसाने आणि खासदाराने प्रश्न विचारणे हा त्यांचा हक्कच होता. दोष उत्तरांचा होता. ती उशिरा आली, अपुरी आली आणि तोवर संशय घट्ट रुजला होता. नुकसान मात्र दोन्ही बाजूंचे झाले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, देशात हिवतापाच्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली आणि डास-नियंत्रणाचे एक संभाव्य साधन आपण अर्ध्यावर टाकून दिलेले होते.

हा केवळ इतिहास नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रातच, जालन्याजवळ दावलवाडी येथे, ब्रिटनच्या ऑक्सिटेक कंपनीच्या जनुकीय बदल केलेल्या एडिस नरांच्या बंदिस्त चाचण्या सुरू झाल्या. पुद्दुचेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने २०२२ मध्ये वोल्बाकिया जिवाणू असलेले, विषाणू वाहून नेण्याची क्षमता घटलेले एडिस डास तयार केल्याचे जाहीर केले. या तिन्ही पद्धती भिन्न आहेत. वंध्य नर संख्या घटवतो, वोल्बाकियाचा डास संख्या राखून रोग रोखू पाहतो. पण पिंजऱ्याचे दार उघडण्याची वेळ येईल तेव्हा प्रश्न सोनिपतचेच असतील.

त्या वेळेआधी तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, परवानगी कोण देणार हे स्पष्ट असावे. जनुकीय बदलांसाठी १९८९ चे नियम आहेत. किरणांनी वंध्य केलेल्या वा जिवाणूयुक्त कीटकांच्या बाबतीतही जबाबदार यंत्रणा नागरिकांना ठाऊक असली पाहिजे. दुसरी, पैसा कोणाचा, माहितीवर मालकी कोणाची आणि हाच डास का निवडला, हे ग्रामसभेत आणि नगरपालिकेत, तेथील भाषेत, डास सोडण्याआधी सांगितले जावे. तिसरी, निधी दीर्घकाळाचा असावा. स्क्रूवर्ममुक्त झालेल्या मेक्सिकोत ती माशी २०२४ मध्ये परतली. पहारा सैल झाला की कीटक परततो.

लोकांची संमती ही अशा प्रयोगातील औपचारिकता मानली जाते. माझ्या मते ती तंत्राचाच भाग आहे. काही घरांनी दारे लावून घेतली, काही गावांनी गाड्या अडवल्या, तर वंध्य नरांचे आवश्यक प्रमाणच साधत नाही आणि उरलेल्या माद्या पुढची पिढी उभी करतात. विश्वासाची जोड नसेल, तर उत्तम प्रयोगशाळेतून निघालेला डासही सोनिपतच्या वेशीवरच अडेल.