गिल्ड म्हणजे मुळात वर्गणी

आमच्या वाङ्मय मंडळाची वर्गणी वर्षाला पन्नास रुपये. ती गोळा करायचं काम यंदा माझ्याकडे आहे, त्यामुळे मी व्हरांड्यात दिसलो की ओळखीची माणसं एकदम फोन कानाला लावतात. मागच्या बैठकीत एकानं सुचवलं, वर्गणीची कटकटच नको, एखादा कोचिंग क्लास प्रायोजक म्हणून गाठू. टाळ्या पडल्या. मी विरोध केला, पण तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

'गिल्ड' हा शब्द आपण शाळेत मध्ययुगीन युरोपच्या धड्यात वाचला: एका धंद्यातल्या कारागिरांची संघटना. पण त्याचं मूळ बघा. जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ देणं, भरणा असा होता. जर्मनमधला पैशासाठीचा 'गेल्ड' त्याच कुळातला. म्हणजे आधी वर्गणी, मग संघटना. त्या पैशातून एकत्र जेवणं होत, आश्रयदात्या संताच्या नावानं मेणबत्त्या लागत, सभासद वारला तर त्याचं दफन होई, त्याच्या विधवेला हातभार मिळे. मालाचा दर्जा ठरवणं वगैरे होतंच.

'युनिव्हर्सिटी'चंही तेच. लॅटिन 'युनिव्हर्सितास' म्हणजे संघ. इटलीतल्या बोलोन्यात हा संघ विद्यार्थ्यांचा होता. शिक्षकांचे पैसे विद्यार्थी देत, म्हणून उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला दंडही तेच करत. (आमच्या सरांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं.) उद्या कोचिंग क्लासनं पैसे दिले, तर आपल्या भित्तिपत्रकावर आधी त्यांच्या टॉपर्सचे फोटो लागतील, कविता उरलेल्या जागेत.

आपल्याकडे अशा संघाला 'श्रेणी' म्हणत. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात यानं कोरून ठेवलंय की गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्यानं ३००० कार्षापण ठेव म्हणून दिले. मुद्दल कायम, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च. राजाच्या जावयानं विणकरांवर एवढा विश्वास टाकला!

मला सगळ्यात जवळची वाटते ती मंदसौरची श्रेणी. आपल्या इंदूरहून ते काही फार लांब नाही. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकर तिथे येऊन राहिले. तिथल्या शिलालेखानुसार पुढे त्यांच्यातले काही धनुर्विद्येत गेले, काही ज्योतिषात, काही कथा सांगू लागले. तरी श्रेणी टिकली. तिनं स्वतःच्या पैशानं सूर्यमंदिर बांधलं, इ. स. ४३६-३७च्या सुमारास, आणि ४७३ मध्ये त्याची डागडुजीही केली. होळकरांच्या मागोमाग इथे आलेल्या आपल्या घरांना हे ओळखीचं वाटायला हरकत नाही.

पण गिल्डं पुढे बिघडलीही. उस्तादाच्या मुलाला दार सताड उघडं, परक्याला बंद. फ्रान्सनं १७९१ मध्ये ती मोडूनच काढली. आपण काय वेगळं करतो? जुलैत माझ्या वर्गातली एक माळवी बोलणारी मुलगी पन्नास रुपये घेऊन आली. कुणीतरी विचारलं, "घरी मराठी बोलतात का?" ती हसली, "थोडं समजतं" म्हणाली, आणि परत आली नाही. मी तिथेच उभा होतो, गप्प.

पुढच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. वर्गणी राहावी, आणि ती भरणाऱ्याला घरची भाषा विचारू नये. तिची पन्नासची नोट अजून माझ्या वहीत आहे, पावती फाडायची राहिली आहे.