पेज कोणी चालवायचं? आपणच, पण फुकटात नव्हे



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे, जो वाचून बरेच जण हसले: "संस्थेचे सोशल मीडियाचे काम बाहेरच्या एजन्सीला देणे अथवा न देणे." एका तांडेलाने तर मला जेटीवरच गाठलं. "सेक्रेटरी, डिझेलचं काय ते बघा आधी. आता फेसबुकावर जाळं टाकणार काय?"

हसा खुशाल, पण सभेला या. संचालक मंडळात या विषयावर दोन मतं आहेत. खाली लिहितो ते माझं स्वतःचं मत आहे, मंडळाचं नव्हे.

आधी एजन्सीच्या बाजूने जे खरं आहे ते सांगतो. कार्यालयात आपण मोजकी माणसं. पहाटे ट्रॉलर लागायला लागले की बर्फ, लिलाव, डिझेलच्या पावत्या, यातून डोकं वर निघत नाही. तेव्हा मोबाईल घेऊन पोस्ट कोण लिहिणार? मध्यंतरी आपलं पेज चार महिने गप्प होतं. चतुर्थीच्या शुभेच्छा दिवाळीपर्यंत वरच राहिल्या होत्या. त्यात दोष माझा, मान्य करतो. म्हणून एका एजन्सीला तीन महिन्यांसाठी काम देऊन पाहिलं. फोटो चांगले आले, पेज बघणारे वाढले, दोन हॉटेलवाल्यांचे फोनही आले. हे नाकारून चालणार नाही.

पण त्याच तीन महिन्यांत काय काय झालं तेही ऐका.

१ जूनला बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत आपले सगळे ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात, हे गोव्यातल्या शाळेच्या पोरालाही ठाऊक. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या पेजवर पोस्ट आली: "आजची ताजी मासळी, थेट आमच्या ट्रॉलरवरून!" फोटोत मासा कुठला, तर लालभडक मांसाचा, जो आपल्या समुद्रात मिळतच नाही. खाली लोकांनी लिहिलं, "बंदी मोडता काय रे?" दोन दिवस मी फोनवर खुलासे करत बसलो. एजन्सीचा मुलगा वाईट नव्हता. त्याने महिन्याच्या पोस्ट आधीच करून ठेवल्या होत्या आणि त्या ठरल्या वारी आपोआप पडत होत्या. समुद्रावर कधी काय असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट. एका सभासदाने पेजवर विचारलं, "बर्फ उद्या मिळणार की नाही?" उत्तर गेलं, "धन्यवाद! असेच आमच्याशी जोडलेले राहा." तो सभासद अजून मला भेटला की हेच वाक्य म्हणून दाखवतो.

साबणाचं किंवा कपड्याचं दुकान असेल तर बाहेरच्या माणसाने पेज चालवलं म्हणून बिघडत नाही. तिथे आजची जाहिरात उद्या पडली तरी चालते. मच्छीमार संस्थेचं तसं नाही.

पहिलं म्हणजे इशारे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, ते कोणी विसरलेलं नाही. हवामान खात्याचा इशारा किंवा हैदराबादच्या इन्कॉइसची उंच लाटांची सूचना रविवार, सुट्टी बघून येत नाही. बोटीवरच्यांना आपण वायरलेसवरून आणि फोनवरून सांगतोच. पण घरची माणसं, गावातले मालक आधी मोबाईल बघतात. अशा वेळी "डिझाईन सोमवारी पाठवतो" म्हणणारा माणूस काय कामाचा? उलटंही होतं. मागच्या वर्षीचा इशारा कोणीतरी पुन्हा फिरवतो आणि घराघरांत घबराट उडते. त्यावरची तारीख बघून "हा जुना आहे, घाबरू नका" असं तासाभरात सांगणारा माणूस जेटीवरचाच हवा.

दुसरं, भाव. लिलाव सुरू होण्याआधी "आज बांगडा भरपूर" असं पेजवर पडलं की भाव बसलाच म्हणून समजा. व्यापारीही आपलं पेज वाचतात. कधी लिहायचं, किती लिहायचं, कुठल्या पाण्यात मासळी मिळाली हे का लिहायचं नाही, ही अक्कल बाहेरून विकत मिळत नाही.

तिसरं, कायदा. समजा जाळ्यात व्हेल शार्क आला. २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. आपले खलाशी जाळं कापून त्याला सोडतात, व्हिडिओ काढतात. त्याच व्हिडिओवर "महाकाय मासा पकडला!" असं कोणी लिहिलं तर चांगलं काम करूनही उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल. कासवाचंही तेच.

आणि चौथं, विश्वास. जुलै २०१८ आठवा. मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीची तपासणी झाली आणि फॉर्मेलिनचा विषय गोवाभर पेटला. आधी एक ऐकायला मिळालं, मग दुसरं. शेवटी सरकारने बाहेरच्या मासळीवर १५ दिवसांची बंदी घातली. लोकांनी मासळीकडे पाठ फिरवली. ऑगस्टमध्ये आपल्या बोटी निघाल्या तरी गिऱ्हाईक विचारायचं, "ही नक्की इथलीच ना?" तेव्हा आपल्याकडे बोलायला जागाच नव्हती. आज आहे. उद्या असं काही पुन्हा झालं तर लोक आपल्या पेजवर विश्वास ठेवतील का? तिथे रोज आपल्याच जेटीचे फोटो आणि आपलीच भाषा दिसली असेल, तरच ठेवतील. तारल्यांना तारले म्हणणारं पेज लोकांना आपलं वाटतं.

आता आपल्या बाजूचा दोष. "संस्थेतच करूया" म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतो, "अमक्याची पोर हुशार आहे, करील ती." म्हणजे फुकट करील. असं आपण केलेलं आहे. आपल्या एका सभासदाच्या मुलीने दोन वर्षं हे पेज सांभाळलं. रात्री अकराला मेसेज टाकून मी तिच्याकडून काम करून घेतलं, आणि संस्थेने तिला दिलं काय, तर एक शाल आणि नारळ. तिला नोकरी लागली, ती गेली. पासवर्ड तिच्या फोनमध्ये होता. तिने बिचारीने सगळं शोधून परत दिलं, पण तिच्याजागी दुसरं कोणी असतं तर? चार महिने पेज गप्प होतं ते त्यामुळेच. एजन्सीला दरमहा १५ हजार द्यायला आपण तयार झालो, आणि घरच्या पोरीला दोन हजार द्यायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

म्हणून सभेपुढे मी हे मांडणार आहे:

१. पेजची चावी संस्थेकडे. पूर्ण ताबा सेक्रेटरी आणि दोन संचालकांकडे. संस्थेचं स्वतंत्र सिमकार्ड, दुहेरी पडताळणी चालू. बाहेरच्या कोणाला काम दिलं तरी फक्त त्या कामापुरती परवानगी, आणि काम संपलं की ती बंद.

२. सभासदांच्या घरातली एक व्यक्ती, रोज दोन तास, ठरलेल्या मानधनावर. तिच्या जोडीला काम शिकलेली दुसरी, म्हणजे एक आजारी पडली तरी अडणार नाही.

३. इशारा फक्त सरकारी ठिकाणाहून आलेला, तारीख-वेळेसकट. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर कायम पेजच्या वर.

४. लिलाव संपेपर्यंत मासळीची पोस्ट नाही.

५. एजन्सीला नेमून दिलेली कामं: नारळी पौर्णिमेचा व्हिडिओ, हॉटेलांसाठी माहितीपत्रक, आपल्या मुलांना दोन दिवसांचं शिक्षण. कामागणिक पैसे.

६. सहा महिन्यांनी हिशोब. किती लाइक आले ते नको. किती प्रश्नांना उत्तर दिलं, किती नवे खरेदीदार आले, ते सांगायचं.

एजन्सीच्या दरमहाच्या निम्म्या पैशात हे सगळं बसतं. हिशोबाचा कागद मी कार्यालयात लावला आहे, बघून घ्या.

माझं चुकत असेल तर सभेत उभं राहून सांगा. ज्या संचालकांना एजन्सीच बरी वाटते त्यांचंही ऐकून घ्या, त्यांची तक्रार पेज गप्प राहण्याबद्दल होती आणि ती खोटी नाही. फक्त "फेसबुक ना, काय ते तुम्हीच बघा" म्हणून घरी बसू नका. मागच्या वेळी मीच बघितलं होतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आपला,
सेक्रेटरी