विश्लेषण : प्रयोगशाळेतील वापरलेले सॉल्व्हंट जाते कुठे?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अभिक्रिया काही मिलिलिटरमध्ये उरकते. पण तयार झालेला पदार्थ शुद्ध करताना आणि काचपात्रे धुताना अ‍ॅसिटोन, हेक्झेन, डायक्लोरोमिथेन अशी सॉल्व्हंट म्हणजे द्रावके लिटरने लागतात. शोधनिबंधात उत्पादन किती मिळाले हे छापले जाते, कचरा किती झाला हे सहसा नाही.

नियम काय सांगतो?
२०१६च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो. त्यानंतर तो अधिकृत केंद्राकडे द्यावा लागतो. सिंकमध्ये ओतणे हा पर्याय नाही.

कॅन वेगवेगळे कशासाठी?
क्लोरीनयुक्त द्रावक जाळल्यावर हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो, म्हणून त्याची विल्हेवाट वेगळी. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन एकत्र असताना अल्कली मिसळली गेली तर स्फोटही होऊ शकतो. शिवाय एकदा सगळे एकाच कॅनमध्ये गेले की पुनर्वापराचा मार्ग जवळपास बंदच होतो.

पुन्हा वापरता येते?
काही द्रावके नक्कीच. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे धुण्याचे अ‍ॅसिटोन ऊर्ध्वपातनाने परत मिळवून पुन्हा धुण्यासाठीच वापरता येते. अ‍ॅसिटोनायट्राइल मात्र ठरावीक प्रमाणात पाण्यासोबतच उकळते, तिथे साधे ऊर्ध्वपातन अपुरे पडते. ईथर आणि टीएचएफमध्ये साठवणीत स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. त्यांची चाचणी केल्याशिवाय ऊर्ध्वपातन करू नये आणि भांडे कोरडे होईपर्यंत तर कधीच तापवू नये.

मुळात कमी कसे करायचे?
एचपीएलसी यंत्रात ४.६ मिमी व्यासाच्या कॉलममधून मिनिटाला १ मिलि द्रव सोडला तर आठ तासांत ४८० मिलि खर्च होतो. २.१ मिमीचा कॉलम घेतला तर तेवढ्याच वेळात साधारण १०० मिलि पुरतो. मात्र यंत्र त्या कॉलमला साजेसे हवे.

मग अडते कुठे?
जबाबदारी कोणाची, इथेच. ती एकट्या संशोधक विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सॉल्व्हंटच्या खरेदीशेजारी विल्हेवाटीचा खर्चही लिहिला जावा आणि प्रत्येक विभागात ऊर्ध्वपातनाची सामायिक, देखरेखीखालची सोय असावी. कचऱ्याचा खर्च डोळ्यांसमोर आला, की बाटली उघडणारा हातही बेताने ओतेल.