एम.डी. झाल्यावर पुन्हा पीएच.डी. कशाला?



आपल्या छत्रपती संभाजीनगरात डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहणारी मुलं काही कमी नाहीत. नीटच्या क्लासच्या पाट्या बघितल्या तरी कळतं. पण डॉक्टर झाल्यावर पुढे काय, असं विचारलं की आपल्या सगळ्यांचं उत्तर एकच असतं: एम.डी. करायचं आणि चांगल्या चौकात दवाखाना टाकायचा. अशात एखादी बालरोगतज्ज्ञ मुलगी म्हणाली, "मला बालवैद्यकात पीएच.डी. करायची आहे," तर घरचे लगेच विचारतात, "अगं, आणखी किती शिकणार? नावामागे डॉक्टर तर आधीच लागलंय!"

पालकांची काळजी खोटी नाही. हिशेब करून बघा. एम.बी.बी.एस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एम.डी. ३ वर्षं आणि पीएच.डी.ला युजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३, जास्तीत जास्त ६ वर्षं. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षं तरी गेलीच. शिवाय दवाखाना चालवायला ही पदवी लागत नाही. मग कशासाठी करायची?

आधी फरक समजून घेऊ. एम.डी.ला प्रबंध असतोच, पण तिथला मुख्य भर रुग्ण तपासायला आणि बरा करायला शिकण्यावर असतो. नवजात शिशुशास्त्रासारख्या विषयात डी.एम. केलं, तर त्या उपचारात आणखी तरबेज होता येतं. पीएच.डी. मात्र संशोधनाची पदवी. आपल्या राज्यात वैद्यकातली पीएच.डी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. एकच प्रश्न घ्यायचा, नीतिमत्ता समितीची परवानगी काढायची, वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या आणि ज्याचं उत्तर आजवर कोणाकडेच नव्हतं ते शोधायचं. समोरच्या बाळाला बरं करतो तो उपचार. कधी भेटणारही नाहीत अशा हजारो बाळांच्या उपयोगी पडतं ते संशोधन.

"मोठ्यांवर संशोधन होतंच की, मुलांसाठी वेगळं कशाला?" असंही कोणी म्हणेल. पण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक एकेकाळी जगभर वापरलं जायचं. नवजात बाळांचं यकृत ते औषध नीट पचवू शकत नाही. बाळं राखाडी पडून दगावू लागली. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काळजीपूर्वक तुलना करून कारण सिद्ध केलं, म्हणून पुढची बाळं वाचली.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण बघू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत प्रश्न विचारला: दवाखान्यापर्यंत पोहोचूच न शकणाऱ्या बाळाला घरातच वाचवता येईल का? गावातल्याच महिलांना त्यांनी शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावांतल्या नोंदी ठेवल्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. त्या ४७ गावांच्या नोंदी नसत्या, तर "फरक पडला असं वाटतं" एवढंच म्हणता आलं असतं. 'वाटतं' आणि 'सिद्ध झालं' यांतलं हे अंतर ओलांडायचं शिक्षण म्हणजेच संशोधनाचं शिक्षण.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात सरकारी नोकरी करताना विंचूदंशाने माणसं मरताना त्यांनी पाहिली, त्यांत मुलंही होती. प्रत्येक रुग्णाची बारीक नोंद ठेवून, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध यात उपयोगी पडतं हे त्यांनी जगाला दाखवलं.

यातलं कोणतंही काम पीएच.डी.साठी केलेलं नव्हतं, हे खरं. म्हणूनच मी म्हणते, पदवीपेक्षा प्रश्न मोठा. बढतीसाठी किंवा पाटीवर आणखी चार अक्षरं यावीत म्हणून पीएच.डी. करायची असेल, तर नकोच. पण बंग-बावस्करांसारखी जिद्द प्रत्येकात नसते. बाकीच्यांना मार्गदर्शक लागतो, पद्धत शिकावी लागते, वेळ राखून ठेवावा लागतो. पीएच.डी. हे सगळं देऊ शकते.

आणि प्रश्न तर आपल्या दारात आहेत. घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून मुलं येतात. आई-बापाबरोबर सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांचं लसीकरण आणि वाढ कशी राहते? दुष्काळी वर्षात पोटात असलेल्या बाळाचं पुढे काय होतं? यांची उत्तरं लंडनहून येणार नाहीत. इथल्याच कोणीतरी शोधायला हवीत.

यात आपलंही काम आहे. मुलांवर संशोधन करायचं तर पालकांची लेखी संमती लागतेच. शिवाय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार घ्यायचा असतो. उद्या शाळेत कोणी संशोधक उंची-वजन मोजायला किंवा रक्त तपासायला आले, तर "चला रे, सगळे रांगेत उभे राहा" म्हणू नका. मुलांना आधी समजावून सांगा. एखादं "नको" म्हणालं तर ऐका. आणि पालकांनो, फॉर्म न वाचता सही करू नका, पण घाबरून फेकूनही देऊ नका. प्रश्न विचारा, पटलं तर सहभागी व्हा.

वर्गात आणि घरातही एवढं करा. मुलाने "कशावरून?" विचारलं तर त्याला गप्प बसवू नका. आणि घरातली डॉक्टर मुलगी पीएच.डी.चं नाव काढेल, तेव्हा "कमवायला कधी लागणार?" याच्या आधी तिला विचारा, "तुझा प्रश्न काय आहे?" तिच्याकडे त्याचं उत्तर असेल, तर ती पाच वर्षं वाया जाणार नाहीत.