विश्लेषण : धबधब्याच्या ‘दुधाळ’ फोटोत काय दिसत नाही? कोंडेश्वर ते वालधुनी, लाँग एक्स्पोजरची दुसरी बाजू

पावसाळ्याने जोर धरला की मोबाइलवर दोन गोष्टी पाठोपाठ येतात. पहिली म्हणजे बदलापूरजवळच्या कोंडेश्वरचे फोटो. काळा कातळ, हिरवी झाडी आणि मधून रेशमासारखं उतरणारं पांढरंशुभ्र पाणी. दुसरी म्हणजे ठाणे जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश. धबधबे, धरणं आणि नद्यांच्या परिसरात जाण्यावर निर्बंध घालणारे असे आदेश जवळपास दर पावसाळ्यात निघतात. अंबरनाथ तालुक्यातल्या ठिकाणांमध्ये कोंडेश्वर आणि भोज ही नावं ठरलेली असतात.

आदेशाखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्याच असतात. ‘एवढ्या शांत पाण्यात कसला आलाय धोका?’ या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याच्या एका तंत्रात दडलेलं आहे.

लाँग एक्स्पोजर म्हणजे नेमकं काय?

साध्या फोटोत कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पाचशेव्या भागापुरतं उघडतं. त्यामुळे उडणारा थेंबही जागच्या जागी थिजतो. लाँग एक्स्पोजरमध्ये शटर अर्धा सेकंद, चार सेकंद, कधी तीस सेकंद उघडं ठेवतात. तेवढ्या वेळात जे हललं नाही, ते स्पष्ट उमटतं. जे हललं, ते पुसट होऊन एकमेकांत मिसळतं. कातळ धारदार राहतो, पाण्याची मात्र साय होते.

दिवसाउजेडी इतका वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होईल. म्हणून लेन्सपुढे काळसर काच लावतात, ती एनडी फिल्टर. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश साधारण हजार पटींनी कमी करतो. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात होणारा फोटो घ्यायला जवळपास १६ सेकंद लागतात. त्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा लागतो.

पूर्वी हा खटाटोप मोजके हौशी लोक करायचे. आता फोनच अनेक फ्रेम एकावर एक रचून हा परिणाम साधतो. आयफोनमध्ये २०१७ पासून लाइव्ह फोटोचं लाँग एक्स्पोजर करता येतं. त्यामुळे दुधाळ धबधबा ही आता सगळ्यांच्याच हातातली गोष्ट झाली आहे.

मग फोटो खोटा असतो का?

नाही. फोटो खोटा नसतो, तो काही सेकंदांची सरासरी असतो. आणि सरासरीत जे पुसलं जातं, त्याचं सर्वांत जुनं उदाहरण फोटोग्राफीच्या जन्माइतकंच जुनं आहे. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. फोटोत रस्ता ओस पडलेला दिसतो. घोडागाड्या नाहीत, माणसं नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. रस्ता रिकामा नव्हता. बाकीचे चालत होते, म्हणून ते दिसले नाहीत.

धबधब्याच्या फोटोत तेच पाण्याच्या बाबतीत होतं. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल, तर चार सेकंदांत ते आठ मीटर पुढे गेलेलं असतं. उसळी, भोवरा, पाण्यासोबत आलेली फांदी हे सगळं त्या सायीत विरघळतं. उरते ती फक्त शांतता, जी तिथे प्रत्यक्षात नव्हतीच.

यात धोका कुठे आहे?

वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. गुडघाभर पाणीही वेगात असेल तर धडधाकट माणसाला पाडू शकतं, आणि शेवाळलेल्या कातळावर तर त्याहून कमी पाणी पुरतं. हा वेग दुधाळ फोटोत मोजता येत नाही, पण सुट्टीचा बेत तोच फोटो पाहून ठरतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या घटनेचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. एकमेकांना धरून उभी असलेली माणसं आणि काही क्षणांत वाढलेलं पाणी त्यात दिसत होतं. त्याच प्रवाहाचा चार सेकंदांचा फोटो काढला असता, तर तो कदाचित सुंदरच दिसला असता.

कोंडेश्वरच्या कुंडातही बुडून मृत्यू झालेले आहेत. डोंगरातल्या ओढ्यांचं गणित वेगळं असतं. आपण उभे आहोत तिथे ऊन असू शकतं आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. पाणी अचानक गढूळ होणं, पानं आणि काटक्या वाहत येणं, आवाज वाढणं या तीन खुणा दिसताच पाण्यातून बाहेर पडायचं असतं. लाँग एक्स्पोजर नेमक्या याच खुणा पुसतं.

या भागाला पाण्याचा वेग नवा नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. आख्खी रेल्वेगाडी थांबवणारी नदी हीच आहे.

फोटो काढण्यावरही बंदी असते?

हो, आणि अनेकांना ते माहीत नसतं. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. वेगाच्या पाण्यात उतरणं आणि मद्यपान यांच्या जोडीला धोकादायक ठिकाणी सेल्फी काढणं व चित्रीकरण करणं यांचाही आदेशात साधारणपणे उल्लेख असतो. त्यामुळे ‘मी पाण्यात उतरलो नाही, फक्त ट्रायपॉड लावला’ ही सबब चालेलच असं नाही.

सरसकट बंदीवर टीकाही होते आणि ती अगदीच गैर नाही. पावसाळ्यात चहा-भजी, मक्याची कणसं विकणाऱ्या स्थानिकांचा हंगाम बुडतो. सुरक्षित अंतरावरून फोटो काढणारा आणि दारू पिऊन कुंडात उडी मारणारा एकाच रांगेत येतो. ठरावीक जागा, कठडे, जीवरक्षक आणि पाणी वाढल्यावर लगेच प्रवेश बंद करण्याची सोय हा अधिक शहाणा मार्ग आहे. पण ती सोय उभी राहत नाही, तोवर बंदी मोडणं हे त्यावरचं उत्तर नाही.

वालधुनीचा इथे काय संबंध?

आतापर्यंत वेग पुसण्याबद्दल बोललो. हेच तंत्र घाणही पुसतं.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधलं. शिलाहारांच्या काळातलं हे भूमिज शैलीचं मंदिर वालधुनीच्या काठावर उभं आहे. मलंगगडाच्या परिसरातल्या डोंगरांतून येणारी ही नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे जाते. वाटेत तिला सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी मिळतं.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरमध्ये नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना त्रास झाला. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरोधात ‘वनशक्ती’ ही संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली होती. त्या प्रकरणात लवादाने २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

आता अशा पाण्यावर तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावून पाहा. तरंगणाऱ्या फेसाच्या पांढऱ्या रेघा होतात, गोल फिरणाऱ्या फेसाची नाजूक नक्षी होते. प्लास्टिकची वाहती पिशवी दिसतच नाही. संध्याकाळचा निळा प्रकाश असेल, तर नाल्याचा फोटोही हिमालयातल्या ओढ्यासारखा वाटू शकतो. अशा फोटोला हजारो लाइक मिळतात आणि नदीची तक्रार करणारा अतिशयोक्ती करतोय, असं वाटू लागतं.

प्रत्येक फेस प्रदूषणाचाच असतो का?

नाही, आणि हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. पहिल्या पावसात कुजलेल्या पानांमधले सेंद्रिय घटक पाण्यात मिसळतात आणि त्यानेही फेस येतो. तो साधारणपणे पिवळसर किंवा तपकिरी असतो, मातीसारखा वास येतो आणि तो लवकर विरतो. डिटर्जंट व रसायनांचा फेस बहुधा पांढराशुभ्र असतो, टिकून राहतो आणि त्याला उग्र किंवा साबणासारखा वास येतो. दुधाळ फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. पक्का निष्कर्ष पाण्याच्या तपासणीनेच निघतो.

म्हणूनच प्रदूषणाची तक्रार करायची असेल तर उलट करावं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत वेगवान ठेवावं, फ्रेममध्ये पूल किंवा इमारतीसारखी ओळखीची खूण घ्यावी, तारीख आणि वेळ नोंदवावी, सोबत छोटा व्हिडिओ काढावा. फिल्टर लावू नये, रंग बदलू नयेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. तिथे अशी नोंद उपयोगी पडते.

मग हौशी फोटोग्राफरने काय करावं?

छंद सोडायची गरज नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला तरी ओढ्यांना पाणी असतं, आणि कमी पाण्यात दगडांची रचना उलट छान उठून दिसते. चंदेरी आणि मलंगगडाच्या सुळक्यांवरून सरकणारे ढग लांबूनही उत्तम येतात. शिवमंदिरात ट्रायपॉड लावण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं. लोकलच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील, तर सार्वजनिक पुलावरून घ्याव्यात. रुळांवर उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

आणि पोस्ट करताना कॅप्शनमध्ये एक ओळ वाढवावी : ‘चार सेकंद एक्स्पोजर, ऑक्टोबर.’ शक्य असेल तर सोबत त्याच जागेचा वेगवान शटरचा एक साधा फोटो जोडावा. पाहणाऱ्यांनीही दुधाळ पाणी दिसलं की आधी विचारावं, हे किती सेकंदांचं आहे? बेत ठरवण्याआधी त्याच जागेचा, त्याच आठवड्यातला व्हिडिओ शोधावा आणि मनाई आदेश लागू आहे का, हे तपासावं. दोन्हींना मिळून पाचच मिनिटं लागतात.